तंबाखू उघडण्याआधीचा केर

मागच्या वर्षी परीक्षेच्या आधी मी एकदा घरात रडले होते. कारण साधंच होतं. मी वही उघडून जमिनीवर बसले होते आणि अम्माला तेंदूच्या ओल्या पानांचं गाठोडं वहीवरून ओढत न्यावं लागलं. तिला दुसरी वाटच नव्हती. वहीचं पान भिजलं, आकृतीची शाई पसरली. "या घरात मला वही उघडायलासुद्धा जागा नाही," असं मी म्हणाले आणि रडले. बापू तेव्हा जेवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. भात संपवला, ताट मोरीत ठेवलं आणि कामावर निघून गेले.

मी ते विसरून गेले. बापू विसरले नव्हते, हे मला या संक्रांतीनंतर कळलं.

आम्ही सोलापुरात विणकरांच्या जुन्या वस्तीत राहतो. घरात तेलुगू बोलतो आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. घरातलं बोलणंही मी इथे मराठीतच लिहिते आहे. बापू यंत्रमागावर टॉवेल विणतात. अम्मा विड्या वळते. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला नेमकं काय विचारायचं हे दोघांनाही कळत नाही. "जमतंय ना?" एवढंच ते विचारतात आणि मी "जमतंय" म्हणते. माझ्या कॉलेजबद्दल आमच्या घरात एवढंच बोलणं होतं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीच्या खिडकीखालचा कोपरा अम्माच्या कामाचा. तिथे पानांचं पोतं, तंबाखूचा डबा, दोऱ्याची रिळं, सूप आणि तयार विड्यांची टोपली. मागे परस आहे. परस म्हटलं की मोठं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, पण आमचं परस म्हणजे एक बाज आडवी टाकली तर चालायला वाट उरते, एवढंच. आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांनी मागे कोबा करून घेतला आहे. माती उरली आहे ती फक्त आमच्याकडे, आणि त्या मातीत एक कढीपत्त्याचं झाड आहे. ते अम्माने लावलेलं नाही. आपोआप आलं आणि कुणी उपटलं नाही, म्हणून राहिलं. आता ते भिंतीच्या वर गेलं आहे. ओळीतल्या सगळ्या घरांची फोडणी त्याच्यावर चालते. उन्हाळ्यात दुपारी अम्मा सूप मांडीवर घेऊन त्याच्याखाली बसते. विड्या वळताना पंखा लावता येत नाही, तंबाखू उडते. त्यामुळे उन्हाळ्यात तिला वारा मिळतो तो फक्त त्या झाडाखाली, आणि तोही मंद.

संक्रांतीनंतर एका सकाळी बापू म्हणाले, "परसात कोबा करून घेऊ. वर पत्रा टाकू. बिड्डाला खोली होईल."

बिड्डा म्हणजे मी. आमच्याकडे लेकराला असंच म्हणतात.

अम्माचे हात चालूच होते. "आणि झाड?"

"झाड काढावं लागेल. मधोमधच आहे ते."

अम्माने हातातल्या विडीला दोरा गुंडाळला, टोक दाबलं, विडी सुपात टाकली. "काढा," ती म्हणाली.

इथे एक गोष्ट खरी सांगून टाकायला हवी. मला खोली हवी होती. बापू बोलत होते तेवढ्या वेळात मी टेबल कुठल्या भिंतीला लावायचं तेसुद्धा ठरवलं होतं. झाडाचा विचार माझ्या मनात आला, पण टेबलाच्या नंतर.

त्याच आठवड्यात कॉलेजात पर्यावरणाच्या मॅडमनी प्रकल्प दिला. आपलं घर आणि बाग पर्यावरणपूरक कशी करता येईल, ते घरी करून पाहायचं आणि वहीत नोंदवायचं. सोबत प्रश्नांचा एक छापील कागद होता. घरात बाग आहे का? पावसाचं पाणी साठवता का? ओला कचरा वेगळा करता का? कचरा जाळता का? मी कागद प्रामाणिकपणे भरला. बागेपुढे "नाही" लिहिलं. कचरा जाळता का, याच्यापुढे "होय". विडीसाठी पान फर्मा ठेवून मापात कापलं की कडा, देठ, फाटके तुकडे असा ढीग उरतो. तो अम्मा चुलीत घालते, त्यावर आंघोळीचं पाणी तापतं. सकाळी आमच्या ओळीत ज्या घरांमधून धूर निघतो, त्या घरांत विडी वळतात असं समजावं.

मॅडमनी माझा कागद वाचला आणि विचारलं, "घरी एकही झाड नाही?"

"एक आहे, मॅडम. पण ते बागेत नाही."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "मग ते कुठे आहे?"

"असंच आहे, मॅडम. परसात."

"तिथूनच सुरू कर," त्या म्हणाल्या. ते झाड काढणार आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण तोपर्यंत त्या पुढच्या बाकाकडे गेल्या.

प्रयोगशाळेच्या मागे गांडूळखताचा हौद आहे. तिथल्या मामांनी मला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात शेणखतासकट मूठभर गांडुळं दिली. मी तो डबा बसमध्ये मांडीवर धरून आणला. झाकणाला भोकं पाडलेली होती. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, प्रॅक्टिकल. त्यानंतर तिने काही विचारलं नाही.

शेजारच्या घरात मावशी राहतात. नात्याच्या नव्हेत. माहेर मोहोळकडचं, लग्न होऊन इथे आल्या आणि अम्माकडूनच विडी वळायला शिकल्या. दुपारी त्या आपलं सूप घेऊन आमच्या झाडाखाली येतात, कारण त्यांच्या परसात कोबा आहे आणि वर पत्रा आहे. त्यांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं.

"आगं आई गं! हे कुटनं आनलंस?"

"कॉलेजातून. खत करायचंय, मावशी."

"बघा की वहिनी," त्या अम्माला म्हणाल्या, "लेकीला कालेजात घातली डॉक्टर हुईल म्हून, आन् ही गांडुळं राखाय लागली."

"डॉक्टरकीला नाही हो ती," अम्मा म्हणाली. "दुसरं काहीतरी आहे."

"काय हाय मग?"

अम्माने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बी.एस्सी."

"त्येच की," मावशी म्हणाल्या.

मी फुटक्या बॅरलचा खालचा अर्धा भाग घेतला. बुडाला भोकं पाडली आणि झाडाच्या बुंध्याशी चार विटांवर ठेवला. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर शेणखत, त्यावर गांडुळं, आणि सगळ्यावर ओलं गोणपाट. आता त्यांना खायला काय द्यायचं हा प्रश्न होता. कॉलेजच्या कागदावर भाज्यांची सालं, उरलेलं अन्न असं लिहिलं होतं. आमच्या घरात अन्न उरत नाही आणि दोडक्याच्या सालांचीसुद्धा चटणी होते. पण पानांचा चुरा रोज टोपलीभर निघतो. मला वाटलं, हेच बरोबर. जाळायचंही थांबेल आणि खतही होईल. कागदावरची दोन उत्तरं एकदम बदलतील. मला स्वतःचं जरा कौतुकच वाटलं.

अम्मा संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आपल्या कोपऱ्यातला केर काढते. दिवसातून एकदाच. सकाळी पानं कापलेली असतात, दुपारभर विड्या वळलेल्या असतात, आणि त्या सगळ्याचा एक ढीग होतो. मी तो टोपलीत भरला, पाणी शिंपडलं आणि बॅरलमध्ये पसरला. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गांडुळं गोणपाटाच्या वर आली होती. मला वाटलं, हवा हवी असेल. चौथ्या दिवशी ती बॅरलच्या कडेवरून खाली पडली होती, काही विटांवर, काही मातीत, दोऱ्याच्या तुकड्यांसारखी. आत हात घालून पाहिलं तर जिवंत एकही सापडलं नाही. मी मामांकडून आणखी मूठभर आणली, आधीपेक्षा जास्त पाणी घातलं, पुन्हा तोच केर टाकला. तीही मेली, आणि आधीपेक्षा लवकर. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. एवढ्याशा जिवांसाठी वाईट वाटून घेणं बरं दिसत नाही म्हणून मी डोळे पुसत नव्हते, नुसतीच बसले होते.

अम्मा मागून आली. तिने बॅरलमध्ये हात घातला, मूठभर चुरा उचलला, बोटांनी चोळला आणि नाकाशी नेला.

"अय्यो, बिड्डा! यात तंबाखू आहे."

"थोडीशीच असेल."

"थोडीशी कशाला लागते? बाजेत ढेकूण झाले की मी तंबाखूचंच पाणी ओतते ना? झाडाला मावा पडला की तेच शिंपडते. एका दिवसात सगळे खलास. आणि तू ते या बिचाऱ्यांच्या ताटात वाढलंस?"

मावशी आपल्या दारातून ऐकत होत्या. "कालेजात हे शिकवत न्हाईत व्हय?"

कॉलेजात ते शिकवलं होतं. तंबाखूत निकोटिन असतं, पूर्वी कीटकनाशक म्हणून ते वापरत, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण ती तंबाखू पुस्तकातली होती. आमच्या कोपऱ्यातली भुकटी ही तीच, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. लहानपणापासून ती जमिनीवर होती, चादरींवर होती, माझ्या दप्तरात होती. तिला मी कधी वेगळी वस्तू म्हणून पाहिलंच नव्हतं. पहिल्या वर्षी माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने विचारलं होतं, तुझ्या वह्यांना वास येतो, तुझे वडील तंबाखू खातात का? मी हो म्हणाले होते. बापूंनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. पण खरं सांगायचं तर बरंच सांगावं लागलं असतं.

अम्मा हसत होती, मला वेडी म्हणत होती. मग एकदम गप्प झाली. तिच्या हातात अजून तो चुरा होता. तिने तो बॅरलमध्ये टाकला नाही, जमिनीवरही टाकला नाही. तशीच मूठ धरून मोरीपर्यंत गेली आणि हात धुतले. मग साबण घेऊन पुन्हा धुतले. अम्मा हात नेहमीच धुते, जेवणाआधी, भाकरी थापायच्या आधी. पण त्या दिवशी ती कितीतरी वेळ धूत राहिली. नळाला चार दिवसांनी पाणी येतं आमच्याकडे, आणि पाणी असं सोडणारी बाई नव्हे ती.

दुसऱ्या दिवसापासून अम्माने केर दोनदा काढायला सुरुवात केली. सकाळी पानं कापून झाली की तंबाखूचा डबा उघडायच्या आधी एकदा, आणि संध्याकाळी नेहमीचा. सकाळचा केर नुसत्या पानांचा, स्वच्छ. तो ती माझ्यासाठी वेगळ्या टोपलीत ठेवायची आणि वर झाकण घालायची. मावशींनी चिडवलं, "वहिनी, दोनदा झाडलं म्हून इडीचा कारखानावाला जास्त इड्या धरनार हाय व्हय?" अम्मा म्हणाली, "लेकीचा अभ्यास आहे." मी बॅरल रिकामं करून धुतलं आणि पुन्हा गांडुळं आणली. मामा म्हणाले, "यावेळी मारू नकोस बाई." यावेळी ती जगली. आठवड्याने गोणपाट उचललं तर ती खाली सरकून गेली, अंधारात, ओलाव्यात, आणि मला फारच आनंद झाला. मी अम्माला हाक मारली. तिने वाकून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाली, "जाडी झालीत गं."

पण गवंडी ठरला होता. बापूंनी त्यांच्या मागाच्या कारखान्याच्या शेडवरून काढलेले जुने पत्रे आणून भिंतीला टेकवून ठेवले होते. मी रोज त्या पत्र्यांच्या शेजारी बसून झाडाच्या बुंध्याशी खत करत होते आणि ते झाड माझ्याच खोलीसाठी जाणार होतं. वहीत मी रोजची नोंद लिहायची: आज पाणी किती घातलं, आज चुरा किती. झाडाबद्दल काय लिहायचं ते सुचत नसे. एके दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, मग वडिलांना सांग ना, झाड तोडू नका म्हणून. सोपं आहे." त्यांच्या दृष्टीने ते सोपंच असेल. त्यांनी बापूंना गप्प ताट उचलताना पाहिलेलं नव्हतं.

मार्च उजाडला, ऊन चढलं. मी मावशींच्या परसातल्या पत्र्याखाली जाऊन बसून पाहिलं. खोली म्हणून कशी असते, बघावं म्हटलं. दुपारी बाराला पुस्तक घेऊन गेले आणि थोड्याच वेळात बाहेर आले.

"बसली न्हाईस?" मावशींनी विचारलं.

"फार तापतं हो."

"मग! पीठ मळून नुसतं ठिवलं तरी भाकर हुईल हितं. आमी उगंच येतोय का तुमच्या झाडाखाली?"

गवंडी आला तो बापूंच्या सुट्टीच्या दिवशी. त्याने टेप लावला, लांबी-रुंदी मोठ्याने म्हटली, बुंध्याभोवती हात फिरवून पाहिला. "मुळं भिंतीखाली गेली असतील," तो म्हणाला. "आधी कुऱ्हाडवाला बघा, मग मला बोलवा." चहा पिऊन तो गेला. बापू चहाचा कप हातात धरून उभे होते. अम्मा झाडाखाली बसून पानं कापत होती. मला कळलं की आता नाही बोलले तर पुढे कधीच बोलता येणार नाही.

"बापू, मला खोली नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का?"

मी ठरवून ठेवलेली वाक्यं होती. सावली, माती, पाणी जमिनीत मुरणं. त्यातलं एकही आठवलं नाही. "नको मला," एवढंच मी पुन्हा म्हणाले.

"तू रडली होतीस," बापू म्हणाले.

मला आधी कळेना, कधी. मग कळलं. वही उघडायला जागा नाही, हे माझं वाक्य त्यांनी एवढे दिवस मनात ठेवलं होतं. माग चालू असताना त्या खडखडाटात काही बोलता येत नाही, ऐकू येत नाही. माणूस काय करत असेल, तर असंच काहीतरी मनात घोळवत असेल. मी म्हणाले, "ते असंच, चिडून बोलले होते."

"असंच कुणी रडत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मला जमणार नाही असं वाटतंय का तुला? पत्रे आणलेत मी. सिमेंटचंही सांगून ठेवलंय."

"तसं नाही, बापू."

"मग कसं?"

खोली नको म्हणणं म्हणजे त्यांनी केलेलं सगळं परत करणं, हे मला तेव्हाच कळलं. खोली हवी म्हणणं म्हणजे झाड जाणं. मी बॅरलकडे बघत उभी राहिले. कात्रीचा आवाज थांबला होता.

अम्मा म्हणाली, "ती जागा मागत होती. खोली तुम्ही म्हणालात."

"जागा कुठे आहे मग? तूच दाखव."

"माझा कोपरा आहे की."

बापूंना ते पटकन समजलं नाही. मलाही नाही. अम्माने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. "खिडकीखालचा कोपरा. घरात उजेड असलेली तेवढी एकच जागा, आणि तिथे मी तंबाखू ठेवते. माझं सगळं सामान बाहेर आणते, झाडाखाली. पत्रे आणलेच आहेत, ते इकडे भिंतीला छपरासारखे लावा, डबा आणि पानं भिजणार नाहीत एवढे. टेबल तिथे आत लावा."

"तू दिवसभर बाहेर बसणार?"

"दुपारी बसतेच की."

"थंडीत? पावसात?"

"पावसाचं पावसात बघू." मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तो डबा मला घरात नकोच आहे आता. या पोरीची गांडुळं किती वेळात मेली, मी पाहिलंय. आणि ही लहान असताना मी हिला त्या डब्याशेजारी निजवत होते."

मावशी आपल्या दारात उभ्या होत्या, त्यांनाही थट्टा सुचली नाही. बापू झाडाकडे बघत राहिले, मग पत्र्यांकडे, मग खिडकीकडे. शेवटी ते पुढच्या खोलीत गेले आणि आतून सामान सरकवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "टेबल केवढं लागतं, बिड्डा?"

छप्पर त्यांनी स्वतःच उभं केलं. भिंतीला लोखंडी पट्ट्या मारल्या आणि दोन पत्रे तिरपे बसवले. उरलेले पत्रे परत नेऊन दिले. एक फांदी मात्र कापावी लागली, ती आडवी येत होती. ती कापताना बापूंनी अम्माला विचारलं, "ही चालेल ना?" मी त्यांना तिला असं काही विचारताना पहिल्यांदाच ऐकलं. त्या फांदीची पानं मावशींनी ओळीत वाटली आणि सगळ्यांनी चटणी केली.

कोपरा रिकामा झाला तेव्हा जमीन तिथे वेगळ्याच रंगाची निघाली, तपकिरी. अम्माने ती तीनदा धुतली. जमीन धुतलेलं पाणी मी झाडाला घालायला नेत होते, तर ती ओरडली, "तुझी गांडुळं!" आणि ते पाणी गटारात ओतायला लावलं. मग ती स्वतःच म्हणाली, "गटारात तरी कुठे चांगलं आहे म्हणा."

एप्रिलमध्ये बापू कारखान्यातून सुताची गुंतवळ आणायला लागले. मागावर तुटलेलं सूत उरतं, ते पुसायला वापरतात किंवा फेकतात. झाडाच्या बुंध्याभोवती ते अंथरलं की माती सुकत नाही, हे मी एकदा सहज बोलले होते. कॉलेजात पाचोळ्याबद्दल शिकवलं होतं, मी सुताबद्दल अंदाजाने बोलले. त्यांनी पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. "रंगीत काढून टाकलंय," ते म्हणाले. "रंगात काय असतं कुणाला माहीत. हे सगळं कोरं आहे." दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एकेक धागा निवडला असणार. मी ते पांढरं सूत बुंध्याभोवती पसरलं. मावशी म्हणाल्या, "झाडाला सोयटर घातलाय जनू."

प्रकल्पाची वही मी वेळेवर दिली. मॅडमना खताचं प्रमाण आवडलं, तारखेवार नोंदी आवडल्या. पहिली गांडुळं मेल्याचं मी लिहिलं होतं आणि का मेली तेही. त्यासाठी घरात विड्या वळतात, हे लिहावं लागलं. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले होते. "बाग आहे का?" या प्रश्नापुढचं "नाही" खोडून मी "एक झाड" असं लिहिलं. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही मी सांगितलं की बापू तंबाखू खात नाहीत. ती म्हणाली, "कधी विचारलं होतं मी?" तिला आठवतही नव्हतं.

आता पावसाळा आहे. सोलापूरचा पाऊस तो, आला तर आला. पण जेव्हा येतो तेव्हा छपराखाली पाणी उडतं आणि अम्माला सूप घेऊन आत यावं लागतं. डबा मात्र ती बाहेरच ठेवते, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. लागेल तेवढी तंबाखू वाटीत घेऊन मागच्या दारात बसते, उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकून. तिला त्रास होतो, पाय भिजतात. मी टेबलाशी बसलेली असते आणि मला ते दिसतं. "तू आत बस ना, मी उठते," असं मी दोनदा म्हणाले. "तुझी परीक्षा होऊ दे," असं तिने दोन्ही वेळा म्हटलं. हा प्रश्न सुटला असं मला लिहिता येणार नाही. बापू छप्पर वाढवायचं म्हणत आहेत, झाडाला न लागता कसं वाढवायचं ते बघत आहेत.

परवा मी लिहीत असताना अम्मा मागे येऊन उभी राहिली. तिला मराठी वाचता येत नाही. मी काय लिहिते ते तिने विचारलं नाही. ती वाकली, वही उचलली आणि पानं नाकाशी नेली. मग वही माझ्यापुढे धरली.

"वास येतो का गं अजून? माझं नाक मेलंय, मला कळत नाही."

मी वास घेतला. नाही म्हणता आलं असतं.

"थोडा येतो," मी म्हणाले.

तिने मान हलवली, वही खाली ठेवली आणि खिडकीची दोन्ही दारं पूर्ण उघडली. मागे परसात झाडाखाली सकाळचा केर टोपलीत झाकून ठेवलेला होता. तंबाखूचा डबा तिने अजून उघडला नव्हता.